मानपान मॉड्यूल

१ डिसेंबर

राजीनामा दिला. अंबडच्या कंपनीत चार वर्षं बोल्ट तपासले, आता पुरे. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, ग्रोथ. ते म्हणाले बरं, आणि गेटपास जमा करायला सांगितला. थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. धक्का बसला असावा.

आजपासून मी कोरालिस डेव्हलपर. मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार ज्याच्यावर चालतो ते हे सॉफ्टवेअर. ग्राहक, तक्रारी, मंजुऱ्या, सगळं त्यातच. कोड फारसा लिहावा लागत नाही, डोकं लागतं. म्हणजे माझ्यासारख्यासाठीच बनवलंय. यूट्यूबवरचा एक मुलगा सहा महिन्यांत नोकरीला लागला आणि तो साधा बी.कॉम. मी मेकॅनिकल इंजिनिअर. तीन महिने धरून चालतो.

जेवताना घरी सांगितलं. पप्पांनी विचारलं, हे कोरालिस सातपूरला आहे का सिन्नरला. क्लाउडमध्ये आहे म्हणालो. त्यांनी भाजी वाढून घेतली. पटलेलं दिसतंय. आई म्हणाली, बहिणीचं, आपल्या अंजलीचं लग्न जमेपर्यंत तरी नोकरी ठेवायची होतीस. आईला मार्केटची कल्पना नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. दोन तास अभ्यास. एक तास इंग्रजी. चहा बंद.

२ डिसेंबर

साडेनऊला उठलो. करिअर बदलताना शरीराला विश्रांती लागते. चहा घेतला. एकदम तोडला तर डोकं धरतं.

६ डिसेंबर

शरणपूर रोडला क्लास लावला. सर चांगले आहेत, जरा सावकाश शिकवतात. त्यांचं म्हणणं, कोरालिसमध्ये जगातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक रेकॉर्ड. ग्राहक हा रेकॉर्ड, त्याची तक्रार हा रेकॉर्ड. मला पहिल्या तासातच सगळं कळलं. मग मी खिडकीतून बाहेर बघितलं तरी चालण्यासारखं होतं.

शेजारी हुजैफा बसतो. देवळाली कॅम्पहून बसने येतो. सगळं वहीत उतरवतो आणि हे फील्ड, म्हणजे रकाना, कशाला लागतं, ते का लागतं असले बेसिक प्रश्न विचारत राहतो. बिचारा. डब्यात कबाब मात्र अप्रतिम असतात. त्याला मदत करायचं ठरवलं आहे.

११ डिसेंबर

लिंक्डइन अपडेट केलं: एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म डेव्हलपर, सोल्यूशन थिंकर, माजी मॅन्युफॅक्चरिंग लीडर. बरेच जण अभिनंदन करून गेले. अंजली शाळेत शिकवते, तिला प्रश्न विचारायची खोड आहे. तिने विचारलं, लीडर कोणाचा होतास? मी म्हणालो, क्वालिटीचा. तिने विचारलं, हाताखाली कोण होतं? मी म्हणालो, अभ्यास चालू आहे, नंतर बोलू.

अभ्यास दुपारी झोप आल्यामुळे राहिला.

१८ डिसेंबर

सरांनी आज बॉम्ब टाकला. नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी नोकरी देत नाही, लाइव्ह प्रोजेक्ट हवा. खरी माणसं वापरतील असा. फेब्रुवारीच्या आत दाखवा, मुंबई नाक्याजवळच्या एका कंपनीत जागा आहेत, मी नावं पाठवतो म्हणाले.

हुजैफाने लगेच हात वर केला. कॅम्पात त्याच्या चाचांचं टायरचं दुकान आहे, कोणत्या गाडीचं टायर कधी बदललं ते कोरालिसवर आणतो म्हणाला. मला हसू आवरेना. विचार करायचा तर मोठा करावा. माझा प्रोजेक्ट बघून लोक चाट पडले पाहिजेत. विषय अजून सुचलेला नाही, पण तो तपशील झाला.

२१ डिसेंबर

अंजलीची सुपारी फुटली! मुलगा योगेश, ओझरचा, बँकेत आहे. माणूस बरा वाटला. लग्न ९ फेब्रुवारीला.

आणि विषय मिळाला. पाहुणे गेल्यावर आई-पप्पा बोलत बसले होते. आत्याला साडी कोणती, कोणाला पोशाख, कोणाला फेटा, कोणाला घरी जाऊन अक्षता द्यायच्या, कोणाला फोन चालेल, मागच्या लग्नात कोण रुसलं होतं. एवढा प्रचंड डेटा आणि तो दोन वयस्कर माणसांच्या डोक्यात! बॅकअप नाही. रिपोर्ट नाही. लग्न हा एंटरप्राइझच आहे, फक्त आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही.

जाहीर केलं, निमंत्रण आणि मानपान माझ्याकडे. पप्पा म्हणाले, बाबा रे, कोणी नाराज व्हायला नको. मी म्हणालो, सिस्टीम असली की कोणी नाराज होऊच शकत नाही. अंजली म्हणाली, तुला काय घालायचा तो गोंधळ घाल, फक्त हरसूलचे मामा दोन दिवस आधी आले पाहिजेत, मला मांडवात त्यांनीच न्यायचं. लहानपणी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा अंजली वर्षभर मामांकडे होती. पावसात ओढ्याला पाणी आलं की मामा तिला खांद्यावर बसवून शाळेत नेत. तिचा मामांवर भारी जीव आहे. मी शब्द दिला.

२६ डिसेंबर

डिझाइन तयार. प्रत्येक नातेवाईक एक रेकॉर्ड. फील्ड्स: नातं, गाव, मोबाइल, वर्षभरातले फोन, वर्षभरातले मेसेज, घरी भेटी. या तिन्हींवरून एंगेजमेंट स्कोअर. स्कोअरवरून श्रेणी: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, जनरल. प्लॅटिनमला घरी जाऊन अक्षता, पूर्ण पोशाख आणि फेटा. जनरलला मेसेज आणि टॉवेल-टोपी.

एक खास फील्ड माझ्या अनुभवातून: रुसण्याची शक्यता. पर्याय तीन. नाही, मध्यम, जास्त.

हुजैफाला दाखवलं. तो म्हणाला, भाई, जो माणूस फोन करत नाही पण वेळेला धावून येतो, त्याचं काय? मी म्हणालो, टायरच्या आणि माणसांच्या डेटात फरक असतो. त्याला मुद्दा कळला नाही.

३ जानेवारी

सगळ्यांचा डेटा भरला. फॉर्म्युला चालवला. डोळे उघडणारे निकाल!

पहिला नंबर: रंगनाथ काका. हे पप्पांचे विमा एजंट. रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात, हप्त्याची आठवण करायला फोन करतात, घरी येऊन चहा पिऊन जातात. स्कोअर पूर्ण. प्लॅटिनम. कॅम्पातली आत्या सिल्व्हर. ती फोन करते, पण पप्पांना दुपारी झोपेतून उठवायला, तेवढेच; मेसेज नाहीत.

मामा जनरलमध्ये गेले. फोन शून्य, मेसेज शून्य, भेट एक. आधी मलाही वाटलं काहीतरी चुकलं. पण तपासलं तर सगळं बरोबर आहे. मामा दरवर्षी एसटीतून तांदूळ आणि आंबे पाठवतात खरे, पण ते कंडक्टरकडे देऊन. तो फोन नाही, मेसेज नाही, भेट तर नाहीच. ते कुठल्या फील्डमध्ये भरणार? डेटा खोटं बोलत नाही.

आई म्हणाली, देवाच्या खालोखाल पहिली पत्रिका मामाला, पप्पा रविवारी हरसूलला जाऊन येतील. मी थांबवलं. घरी जाणं फक्त प्लॅटिनमसाठी आहे, एकाला सवलत दिली की सिस्टीमवरचा विश्वास उडतो. अर्थात आईला एवढंच सांगितलं, की मामांचं मी बघतो. ती निर्धास्त झाली.

९ जानेवारी

सरांनी आज सांगितलं, की कोणतीही गोष्ट आधी सरावाच्या जागेत खोट्या डेटावर चालवून बघायची, मग खऱ्यावर. मुलं भराभर लिहून घेत होती. घाबरट लोकांसाठी ठीक आहे.

हुजैफा म्हणाला, मेसेजची टेस्ट करताना सगळ्यांच्या नंबरच्या जागी स्वतःचा नंबर टाक, मी तसंच केलं. मी म्हणालो, मग मला एकट्यालाच दीडदोनशे मेसेज येतील, त्यातून काय शिकणार? खऱ्या माणसांचा खरा फीडबॅक हवा. त्याने कबाबचा डबा माझ्याकडे सरकवला.

संकल्प बदलला: पहाटे पाचऐवजी सात. आठलाही हरकत नाही.

१७ जानेवारी, सकाळी

ऐतिहासिक दिवस. संक्रांतीचं गोड बोलून झालं, आता कामाला सुरुवात. निमंत्रणाच्या मेसेजचा टेम्प्लेट बनवताना सगळी फील्ड्स घाला असा एक पर्याय दिसला. पारदर्शकता म्हणून तो घेतला. शिवाय एक फ्लो लावला, म्हणजे आपोआप चालणारा नियम: ज्याने लिंकवर जाऊन उपस्थिती नोंदवली नाही त्याला रोज सकाळी स्मरणपत्र, आणि श्रेणी एक पायरी खाली. माणसं शिस्तीत राहतात.

बटण दाबलं. सगळे मेसेज डिलिव्हर्ड. एकही फेल नाही!

थोड्या वेळाने फोन वाजायला लागले. आईचा, पप्पांचा, अंजलीचा, तिन्ही एकदम. याला ॲडॉप्शन म्हणतात. पहिल्याच दिवशी असा प्रतिसाद मोठ्या कंपन्यांना मिळत नाही.

१७ जानेवारी, दुपारी

आई रडते आहे. पप्पा गच्चीवर जाऊन बसलेत.

मामांना गेलेला मेसेज अंजलीने मला दोनदा वाचून दाखवला. तो असा: आदरणीय खंडेराव, अंजलीच्या विवाहाचे आग्रहाचे निमंत्रण. आपली श्रेणी: जनरल. मंजूर मानपान: टॉवेल-टोपी. कारण: एंगेजमेंट अत्यंत कमी. रुसण्याची शक्यता: जास्त. हा मेसेज आपोआप तयार झाला आहे, कृपया उत्तर देऊ नये.

भाषा तशी सभ्य आहे. पण मामांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि आज हरसूलचा बाजार. त्यांनी फोन मोबाइलवाल्याच्या हातात दिला, आणि त्याने भर बाजारात मोठ्याने वाचला. ही डिलिव्हरीनंतरची गोष्ट झाली, माझ्या स्कोपमध्ये येत नाही.

आत्याचाही फोन येऊन गेला. सख्खी बहीण सिल्व्हर आणि विमेवाला प्लॅटिनम का रे, असं तिने पप्पांना विचारलं. तिला कसं कळलं म्हणाल तर रंगनाथ काकांनी आपला मेसेज कौतुकाने सगळ्या ग्रुपवर टाकला आहे. खाली हात जोडलेले आणि फूल.

१८ जानेवारी

स्मरणपत्र गेलं. फ्लो अगदी वेळेवर चालतो, याचं कोणालाच कौतुक नाही. आत्या आता जनरल. रंगनाथ काका गोल्डवर आले, तेही नाराज.

लिंक उघडायला लॉगिन लागतं आणि लॉगिन मी कोणालाच दिलेलं नाही, हे आज लक्षात आलं. म्हणजे उपस्थिती कोणीच नोंदवू शकत नाही. किरकोळ.

फ्लो बंद करायला गेलो. सापडला नाही. मी सतरा फ्लो बनवले होते आणि सगळ्यांची नावं न्यू फ्लो आहेत.

२० जानेवारी

मामा पहिल्याच स्मरणपत्राला जनरलच्या खाली घसरले होते. त्या पायरीचं नाव मी इनॅक्टिव्ह ठेवलं होतं. मेसेज गेला होता, की आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे. आज मामांनी पप्पांना फोन केला. वर्षातला पहिला. म्हणाले, म्हंजी म्या मेलो का काय, दाजी? मंग मेलेला माणूस लग्नाला कसा येईल? लय झाला आमचा मान, आता आमी नाय येत. आणि ठेवला.

अंजलीने ते सगळं शेजारी उभं राहून ऐकलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. मामा नसतील तर मी मांडवात उभी राहणार नाही, एवढंच आईला म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. माझ्याशी बोलणं बंद. तिने माझ्या वाटणीचा चहाही केला नाही.

मी फोनची एंट्री केली. मामांचा स्कोअर वाढला. कोणाला सांगायला जावं तर ऐकायची तयारी नाही.

२१ जानेवारी

हुजैफाला घरी बोलावलं. त्याने लॅपटॉप घेतला, दोन-चार ठिकाणी क्लिक केलं आणि सगळं बंद केलं. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं. आईने त्याला पोटभर जेवू घातलं, मला वाढायचं विसरली. जाताना तो म्हणाला, यार रवी, आता कॉम्प्युटर बंद कर आणि मामूंच्या पाया पड. टेक्निकल माणूस असून किती भावनिक!

२५ जानेवारी

मुंबई नाक्याला इंटरव्ह्यू. मस्त झाला. हुजैफाही होता, त्याचं टायरचं वीसेक मिनिटांत आटोपलं. मला तासभर बसवलं. बाईंनी विचारलं, तुमची सिस्टीम किती लोकांनी वापरली? म्हणालो, घराघरांत पोचली. युजर्सची प्रतिक्रिया? म्हणालो, तीव्र. फेल झालं तेव्हा काय केलं? म्हणालो, सिस्टीम फेल झाली नाही, युजर ट्रेनिंग कमी पडलं. मग त्यांनी मामांना गेलेला मेसेज वाचायला मागितला. वाचून त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या केबिनमधून दोघांना बोलावलं आणि त्यांनाही दाखवला. असं फार कमी उमेदवारांच्या बाबतीत होत असेल. कळवतो म्हणाल्या.

२९ जानेवारी

पप्पांनी हुकूम सोडला, की नारळ आणि अक्षता घेऊन हरसूलला जा आणि मामांना घेऊनच ये. मी याला क्लायंट व्हिजिट म्हणतो. लॅपटॉप घेतला. नारळ एसटीत राहिला.

मामा ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो. पाय त्यांनी मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. मामी लंकाबाईंनी नागलीची भाकरी आणि ठेचा दिला. गेणू, म्हणजे मामांचा मुलगा, ट्रॅक्टर धूत होता. त्याने मला बघून ट्रॅक्टरला आणखी एकदा साबण लावला.

मी लॅपटॉप उघडून सादरीकरण केलं. मामांच्या डोळ्यांदेखत त्यांची श्रेणी हाताने बदलून प्लॅटिनम केली. पूर्ण पोशाख, फेटा, सगळं हिरवं झालं. मामांनी चष्मा लावून स्क्रीन वाचली. मग म्हणाले, आधी टोपीवाला होतो, आता फेटेवाला झालो. ह्ये तू कवा ठरवलं? आत्ता म्हणालो. मामा म्हणाले, तुझी आई दवाखान्यात व्हती तवा तिच्या उशाशी कोण बसायचं, ते न्हाय का तुझ्या पेटीत? मी खरं तेच सांगितलं, की फॉर्म्युला फक्त गेल्या वर्षाचा आहे. मामा उठले आणि बैल सोडायला गेले.

मामी म्हणाल्या, राग नाय रं बाबा त्यांना, त्यांना वाईट वाटलं हाय. मला कळेना दोन्हींत फरक काय. परतीच्या एसटीत जरा कळला. मग झोप लागली.

घरी सांगितलं, की क्लायंट विचार करतोय.

२ फेब्रुवारी

कंपनीचा निकाल. हुजैफाची निवड. माझी नाही. त्यांना टायर उद्योगाचा अनुभव असलेला माणूस हवा असणार. हुजैफा पेढे घेऊन आला. पेढा कोरडा होता. त्याचं मनापासून अभिनंदन केलं, बरंचसं मनापासून.

५ फेब्रुवारी

अंजली शाळा सुटल्यावर एकटीच हरसूलला गेली. लग्नाला चार दिवस राहिलेली नवरी एसटीने आपली पत्रिका आपणच द्यायला जाते, असं आमच्यात कोणी ऐकलेलं नाही. पप्पांनी अडवलं, आईने अडवलं. ती गेली.

मी तिला म्हणालो, निदान माझं सादरीकरण पेन ड्राइव्हवर देतो. तिने दार लावलं.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी रिक्षा थांबली. अंजली उतरली, मागून मामी, मागून गेणू तांदळाचं पोतं घेऊन, आणि शेवटी मामा. आईने दारातच मामांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. मामा म्हणत होते, गप गं येडे, लग्नघर हाय.

मामी सांगत होत्या, पोरगी आली, काय बोलली नाय, सूप घेतलं नि लग्नाचा तांदूळ पाखडत बसली. तिला बघून मामा कोपऱ्यात उभे ऱ्हायले. मंग आपली पिशवी शोधाया लागले.

माझ्या क्लायंट व्हिजिटचा परिणाम जरा उशिराच दिसला. तरी मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. मी पोतं उचलायला गेलो, ते गेणूने आधीच आत ठेवलं होतं.

८ फेब्रुवारी

हळद. सगळे नाचले. आत्याही आली. पप्पा तिच्याकडे दोनदा जाऊन कान धरून आले म्हणे. मी वरच्या खोलीत उद्याचं चेक-इन बनवत होतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची गेटवर नोंद, डॅशबोर्ड लाइव्ह. या वेळी मेसेज नाही, फ्लो नाही, नुसती हजेरी. चुकण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. उद्या सगळ्यांना कळेल, की मी कोण आहे. इंटरव्ह्यूवाल्या बाईंनाही स्क्रीनशॉट पाठवणार.

खालून दोनदा हाक आली. हळद लावून घ्यायला असावी.

९ फेब्रुवारी

लग्न झालं! लॉन्सच्या गेटवर टेबल, वर लॅपटॉप, मी. पहिली नोंद रंगनाथ काका. फेटा घरूनच बांधून आले होते आणि मांडवात शिरल्या शिरल्या योगेशच्या वडिलांशेजारी बसले. मामांनी फेटा घेतला नाही, आपली नेहमीची टोपीच ठेवली. अंजलीला मांडवात आणताना त्यांचा हात तिच्या पाठीवर होता आणि दोघंही रडत होते, असं गेटवर येणारे सांगत होते. मला खांबामुळे दिसलं नाही.

अक्षतांच्या वेळी नेट गेलं. मोबाइलचं जोडलं. मध्ये कोणीतरी धावत आलं, नवरीचा भाऊ कुठाय, आत बोलावलंय म्हणालं. पाच मिनिटांत येतो म्हणालो. कॅम्पाकडची तीन रेकॉर्ड्स डुप्लिकेट झाली होती, ती नीट करणं भाग होतं. परत कोणी आलं नाही.

संध्याकाळी डॅशबोर्ड पूर्ण हिरवा. यादीतला एकूण एक माणूस हजर! एकही अनुपस्थित नाही. असा रिपोर्ट मी आयुष्यात बघितला नव्हता. दाखवायला अंजलीकडे गेलो तर पाठवणी होऊन गाडी वळत होती. मी हात केला. तिने बहुतेक बघितलं.

१० फेब्रुवारी

फोटो आले. मामा आणि अंजली. आत्या आणि पप्पा. हुजैफा पंगतीत वाढताना. मग कानपिळीचा फोटो. योगेशचा कान गेणूच्या हातात, सगळे हसतायत, अंजली तोंडावर हात ठेवून हसते आहे. बहिणीच्या लग्नात भावाला एवढंच एक काम असतं, नवऱ्याचा कान पिळायचा. लाह्या द्यायलाही तोच उभा आहे.

मी सगळे फोटो पुन्हा बघितले. एकाही फोटोत मी नाही. गेटकडे फोटोग्राफरला पाठवायला हवं होतं, हे नियोजनात राहून गेलं.

आई म्हणाली, गुरुजी थांबले होते रे तुझ्यासाठी. अंजलीच म्हणाली, की राहू द्या, गेणू करेल.

११ फेब्रुवारी

घर रिकामं. मामा-मामी सकाळच्या गाडीने गेले. जाताना मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, आता काय करणार भाचेबुवा? मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात बस लागली.

दुपारी अंजलीचा फोन पप्पांना. मी शेजारीच होतो. उद्या तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी पाठवायचा, तर तिने गेणूला पाठवा म्हणून सांगितलं. पप्पा म्हणाले, अगं, घरात सख्खा भाऊ असताना? ती म्हणाली, नको पप्पा, रवी बिझी असेल.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं. मग ते तिला म्हणाले, बरं, आणि हरसूलला फोन लावायला आत गेले.

मी बिझी नाहीये. उद्या मला काही काम नाही. परवाही नाही.